लोहाची गोळी आणि मोदकाची पारी

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर. व्याख्यानाच्या वेळी टेबलावर चार ग्लास ठेवून एक छोटा प्रयोग दाखवला होता. त्याचे वर्णन ओघात आले आहे.)



या व्यासपीठावर दरवर्षी मोठे विद्वान येतात. यंदा कार्यकारिणीने माझं नाव काढलं तेव्हा मी आपल्या सचिवांना म्हटलं, "अहो, मी डिप्लोमावाला माणूस. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे बसतो. पर्ची घ्यायची, गोळ्या मोजायच्या, पुढच्याला बोलवायचं. मी काय व्याख्यान देणार?" ते म्हणाले, "त्या गोळ्यांबद्दलच बोला. घरोघरी येऊन पडतात, घेत कुणी नाही." म्हणून आज विषय घेतला आहे लोहाच्या गोळीचा. त्यातही एवढंच, की गोळी विरघळते म्हणजे नेमकं काय होतं.

विषय छोटा वाटेल. पण आकडा ऐका. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये हेच प्रमाण ६७ टक्के, आणि पुरुषांमध्येही २५ टक्के. आपण इंदूरची पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेली मराठी कुटुंबं. घरात सकाळी पोहे, दुपारी वरण-भात, पोळीवर तूप. तेव्हा हा आकडा दुसऱ्यांचा असं आपल्याला वाटतं. मलाही वाटत होतं. मग त्या आकड्यात माझी सख्खी धाकटी बहीण निघाली. चूक तिची कमी आणि माझी जास्त होती. आज तीच गोष्ट सांगणार आहे, तिची परवानगी घेऊन.

२०१९ साली तिला दिवस गेले. सासर देवासला. चौथ्या महिन्यात हिमोग्लोबिन ९.२ निघालं. गरोदर बाईला निदान ११ हवं. डॉक्टरांनी सरकारी लाल गोळी लिहून दिली. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. एरवी गरोदरपणात रोज एक देतात. हिचं हिमोग्लोबिन कमी म्हणून दोन सांगितल्या. चार दिवसांत तिचा फोन, "दादा, तोंडाला लोखंडाची चव येते, मळमळतं, घेववत नाही." मीच रोज खिडकीवर बायकांना सांगतो की बंद करू नका, जेवणानंतर घ्या, डॉक्टरांना विचारून वेळ बदला. पण बहिणीचं दुखणं आलं की आपलं शहाणपण पातळ होतं. मी बाजारातून महागाची कॅप्सूल आणली. डब्यावर 'नॅनो' लिहिलेलं, 'लायपोसोमल' लिहिलेलं, 'पोटाला त्रास नाही' लिहिलेलं. मी म्हटलं, ही घे. डॉक्टरांना विचारलं नाही. त्यातलं लोह मोजलं नाही. ते होतं ३० मिलिग्रॅम, म्हणजे दोन लाल गोळ्यांच्या पाव.

दर आठवड्याला फोनवर विचारायचो, "घेतेस ना?" "घेते रे दादा." सातव्या महिन्यात ती माहेरी आली. चेहरा पांढरा, जिना चढताना दम. तपासणी केली तर हिमोग्लोबिन ७.९. मला कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात गेलो तर ती कॅप्सूल दोन बोटांत धरून उघडत होती आणि आतली पांढरी पावडर उकळत्या दुधाच्या चहात टाकून चमच्याने ढवळत होती. मला बघून म्हणाली, "कॅप्सूल गिळवत नाही ना, म्हणून अशी घेते. चव पण लागत नाही." दोन महिने ती नेमाने, एक दिवस न चुकवता, हेच करत होती.

त्या कपात काय काय बिघडलं, हे समजायचं तर मोदकापासून सुरुवात करू. गणपतीचे दिवस आहेत, उदाहरण जवळ आहे.

उकडीच्या मोदकात सारण आत असतं आणि वर तांदळाच्या पिठीची पारी. पारी कशासाठी? सारण तोंडात पोचेपर्यंत सांभाळायला. पारी पातळ झाली, तडकली, तर गूळ मोदकपात्रातच वितळतो आणि ताटात येतं ते रिकामं टरफल. पारी फार जाड झाली तर ती चावताचावता सारणाची गोडी जाते. चांगला मोदक म्हणजे पारी योग्य ठिकाणी, म्हणजे तोंडात, उघडली पाहिजे. लोहाच्या औषधात अगदी हेच आहे. सारण म्हणजे लोह. त्यावरचा लेप म्हणजे पारी. तो लेप कुठे उघडतो, यावर सगळा खेळ.

आता लोहाला पारी लागतेच कशाला? मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असतं. एवढ्याशा लोहावर रक्तातला प्राणवायू वाहून नेण्याचं काम चालतं. गरोदरपणात आई आणि बाळ मिळून सुमारे एक ग्रॅम जादा लोह लागतं. पण लोह हा भांडखोर पाहुणा आहे. मोकळं सुटलं की आतड्याच्या अस्तराला त्रास देतं, जवळ जे भेटेल त्याला चिकटतं, आणि हवा-पाणी मिळालं की गंजतं. लोहाची दोन रूपं आहेत, फेरस आणि फेरिक. फेरस पाण्यात सहज विरघळतं आणि आतड्याच्या पेशीत शिरण्याचं दारही फेरसलाच उघडतं. फेरिक म्हणजे गंजाकडे झुकलेलं रूप. ते आम्लात विरघळतं, पण आम्ल कमी झालं की गाळासारखं खाली बसतं.

आपल्या पोटाची रचना बघा. जठरात कडक आम्ल. तिथे बहुतेक लोह विरघळतं. पण शोषण तिथे होत नाही. ते मुख्यतः होतं जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागात. तिथे पोचताच आम्ल जवळजवळ संपलेलं असतं. म्हणजे लोहाला आम्लात विरघळून, आम्ल नसलेल्या जागी न गंजता पोचायचं आहे, आणि त्या वीतभर अंतरात दार गाठायचं आहे. दार चुकलं की पुढे मोठं आतडं आणि मग बाहेर. लोहाची गोळी घेतल्यावर शौचाला काळी होते ती याचमुळे, न शोषलेल्या लोहाने. घाबरायचं कारण नसतं.

आता टेबलावरचे ग्लास बघा. गोळ्यांवरचा लाल लेप धुऊन, आतली गोळी ठेचून मी या तीन ग्लासांत टाकली आहे. ही साधी फेरस सल्फेटची गोळी. फेरस सल्फेट म्हणजे आपलं जुनं हिराकस.

पहिल्या ग्लासात साधं पाणी. हा मी सकाळी भरला. तळाशी पांढरा साका आहे, ती गोळी बांधायची पावडर. पण वरचं पाणी बघा, पिवळट तांबूस झालंय. फेरसचं फेरिक होतंय, पाण्यातच गंज चढतोय. दुसऱ्या ग्लासात लिंबू पिळलेलं पाणी. तेही सकाळचंच, पण फिकट आणि स्वच्छ आहे. लिंबातलं आम्ल आणि क लोहाला फेरस रूपात धरून ठेवतात. तिसऱ्यात कोरा चहा. हा मी आत्ता, तुमच्यासमोर मिसळतो. बघा, शाई झाली. शाईच आहे ही. हिरड्याच्या काढ्यात हिराकस घातलं की काळी शाई होते, हे जुन्या लोकांना माहीत होतं. हिरड्यात जे तुरट द्रव्य असतं त्याच जातीचं चहात असतं. ते लोहाला असं घट्ट धरतं की आतड्याला सोडवता येत नाही. चहाबरोबर लोहाची गोळी घेणं म्हणजे पोटात दौत ओतणं.

चौथ्या ग्लासातही चहाच आहे आणि त्यात मी त्या महागड्या प्रकारची कॅप्सूल उघडून टाकली आहे. बघा, काही झालं नाही. काळं नाही, चव नाही. त्यात लोहाचा दुसरा क्षार आहे, फेरिक पायरोफॉस्फेट. पांढरा, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. पोषणयुक्त तांदळात शंभर दाण्यांमागे एक दाणा बनवलेला मिसळतात, त्यातही बहुधा हाच असतो, कारण भाताचा रंग आणि चव बिघडत नाही. पण ज्या गुणामुळे तो चहाला काळं करत नाही, त्याच गुणामुळे तो सहज शोषलाही जात नाही. तो विरघळतच नाही ना! म्हणून त्याला दोन उपाय करतात. एक, कण बारीक करायचे. दोन, त्यांना पारी करायची.

बारीक करण्याचा फायदा बायकांना सांगायला नको. खडीसाखर हळू विरघळते, पिठीसाखर पटकन. पृष्ठभाग वाढतो. एक सेंटीमीटरचा घन घ्या, त्याला बाहेरून सहा चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग असतो. त्याचेच १०० नॅनोमीटरचे बारीक घन केले तर पृष्ठभाग होतो ६० चौरस मीटर, म्हणजे एका लहान फ्लॅटच्या फरशीएवढा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतका पृष्ठभाग आम्लाला भेटला की न विरघळणारा क्षारही बऱ्यापैकी विरघळतो.

पण यात एक मेख आहे. पावडर डब्यात नॅनो असली म्हणजे पाण्यातही नॅनोच राहील असं नाही. कोरडं पीठ एकदम पाण्यात टाकलं की गुठळ्या होतात, तसे हे बारीक कण पाण्यात गेले की एकमेकांना चिकटतात. त्यांच्यावर विद्युतभार असतो, तो त्यांना दूर ठेवतो. पाण्यात मीठ किंवा आम्ल असलं की तो भार मंदावतो आणि कण गोळा होतात. मग लाखभर लहान कणांचा एक मोठा खडा, आणि सगळा फायदा गेला. म्हणून दुसरा उपाय, पारी. पारी कणांना वेगळं ठेवते, लोहाला चहापासून आणि अन्नापासून झाकते, आणि पोटाच्या अस्तराला लोहापासून झाकते.

ही पारी विरघळताना काय होतं, ते तिच्या घडणीवर. चरबीची पारी उष्णतेने मऊ होते. आयोडिन आणि लोह दोन्ही असलेल्या मिठात लोहाच्या कणांवर अशी पारी चढवण्याचं काम कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठात झालं आहे. कारण ओल लागून लोह आणि आयोडिन मिठातच भेटले तर आयोडिन उडून जातं. समुद्री शेवाळापासून काढलेलं अल्जिनेट आम्लात आकसतं, म्हणजे जठरात बंद राहतं, आणि पुढे आम्ल कमी झालं की फुगून उघडतं. काही गोळ्यांवरचा लेप जठरात मुळीच विरघळत नाही. पोटाला त्रास नको म्हणून तो देतात, पण उघडायला उशीर झाला तर ते वीतभर अंतर निघून जातं. ही झाली जाड पारी. माझ्या बहिणीच्या कॅप्सूलमधल्या कणांवर होती लेसिथिनसारख्या स्निग्ध द्रव्याची पारी. आपल्या पेशींचं आवरण जशा द्रव्याचं असतं, तशाच जातीची. ती जठरातून बरीचशी शाबूत जावी, पुढे पित्त मिळालं की सुटावी किंवा पारीसकट पेशीत शिरावी, असा बनवणाऱ्यांचा हिशेब.

आता तो चहाचा कप आठवा. अशा स्निग्ध पारीला उष्णतेने ढिलाई येते, आणि हिने ती उकळत्या चहात ढवळली. म्हणजे मोदक पात्रातच फुटला. पारी सुटल्यावर उरलं न विरघळणारं फेरिक पायरोफॉस्फेट. त्याला आता जठरातल्या कडक आम्लाचाच आधार. पण गरोदरपणात जळजळ होते म्हणून ती आम्ल कमी करणारं औषधही घेत होती. त्यातून जे थोडं विरघळलं, त्याला चहाच्या तुरट द्रव्याने धरलं. दुधातलं कॅल्शियम आडवं आलं ते वेगळंच. आणि मुळात डोस पाव. एका कपात इतक्या चुका, आणि कपाचा रंग बदलला नाही म्हणून कुणाला पत्ता नाही. लाल गोळी चहात टाकली असती तर शाई बघून तिने तरी फेकून दिली असती!

ती माझ्यावर रागावली नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं. म्हणाली, "तू आणलीस म्हणून मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही." घरात एक जण दवाखान्यात कामाला असला की घरच्यांचा विश्वास असा असतो. बाळंतपणात अर्धा लिटरपर्यंत रक्त सहज जातं. ११-१२ हिमोग्लोबिन असलेली बाई ते सोसते. आठच्याही खाली असलेल्या बाईला त्याहून थोडं जास्त गेलं तर जिवावर बेततं. मी त्या रात्री झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं खरं सांगितलं. गोळ्यांना आता वेळ उरला नव्हता. त्यांनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं. आयर्न सुक्रोज, गडद तपकिरी द्रव, एक दिवसाआड, पाच वेळा. आणि इथे मला माझीच विद्या नव्याने कळली. ते तपकिरी पाणी म्हणजे साधं विरघळलेलं लोह नाही. तेही लेप असलेले नॅनोकणच आहेत. आत फेरिक लोहाचा गाभा, वर साखरेची पारी. मोकळं लोह रक्तात सोडलं तर विषासारखं होईल. पण पारीत असलं की ते शांतपणे रक्तातून यकृत आणि प्लीहेत जातं. तिथल्या पेशी ते गिळतात, आत नेऊन पारी उघडतात आणि लोह हळूहळू वापरायला काढतात.

तिथल्या सिस्टर बाटली तयार करताना मला म्हणाल्या, "भाऊ, हे फार पातळ करायचं नसतं, हं. आणि ग्लुकोजमध्ये तर नाहीच." हा नियम मी अनेकदा वाचला होता. १०० मिलिग्रॅम लोहाला १०० मिलिलिटरपेक्षा जास्त सलाईन नको. पण का, याचा कधी विचार केला नव्हता. कारण असं की हे कण एका ठरावीक दाटपणात स्थिर असतात. पाणी वाढवलं की साखरेची पारी सुटायला लागते आणि गाभा उघडा पडतो. म्हणजे औषध तेच, बाटली तीच, फक्त पाणी जास्त, आणि कण बदलले. घरी चहाच्या कपात जे झालं, तेच इथे होऊ नये म्हणून तो नियम. मी त्या खुर्चीवर बसून थेंब मोजत होतो आणि मनात म्हणत होतो, पारी इथे नको उघडू बाई, आत जाऊन उघड.

पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.१ झालं. बाळंतपण सुखरूप झालं. मुलगी झाली.

एक गोष्ट मला या सगळ्यानंतर वाचताना कळली आणि फार आवडली. लोहाचा पारीतला नॅनोकण माणसाने शोधून काढायच्या कितीतरी आधी निसर्गाने बनवला आहे. तुम्ही रक्ततपासणीच्या कागदावर 'फेरिटिन' वाचता ना, ते तेच. २४ प्रथिनांची मिळून बनलेली पोकळ गोल डबी, बाहेरून १२ नॅनोमीटर. आत साडेचार हजारांपर्यंत लोहाचे अणू मावतात. शरीर जादा लोह असं डबीत घालून ठेवतं आणि लागेल तसं काढतं. हरभरा, मसूर, सोयाबीन अशा द्विदल धान्यांतही फेरिटिन असतं. केंब्रिजच्या संशोधकांनी या डबीतल्या गाभ्याची नक्कल करून लोहाचं औषध केलं आणि आफ्रिकेतल्या गांबियात लहान मुलांवर त्याची चाचणी घेतली. झुरिचच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दुधातल्या प्रथिनाच्या तंतूंवर लोहाचे नॅनोकण बसवून दाखवले. म्हणजे नवं तंत्र खोटं नाही. मी महाग कॅप्सूलला नावं ठेवायला उभा नाही. ज्यांना लाल गोळी खरोखर सोसत नाही त्यांना डॉक्टर ती देतात आणि योग्य रीतीने घेतली तर उपयोगही होतो. पण 'नॅनो' या शब्दाने काम होत नाही. पारी योग्य जागी उघडल्याने होतं. आणि ती जागा तुमचा कप नव्हे.

आता घरी जाऊन काय करायचं, ते सांगून संपवतो.

पहिलं, आधी तपासणी. अशक्तपणा आला म्हणून स्वतःच लोह सुरू करू नका. सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. आपल्या मध्य प्रदेशात सिकलसेलचे रुग्ण आहेत, थॅलेसेमिया आहे. ज्यांना वारंवार रक्त चढवावं लागतं त्यांच्या अंगात लोह आधीच जास्त साठतं. घरातल्या आजी-आजोबांचं हिमोग्लोबिन उतरलं तर आतून कुठे रक्त जातंय का, हेही डॉक्टरांना बघावं लागतं. गोळी देऊन ते झाकू नका.

दुसरं, गोळी किंवा कॅप्सूल अख्खी गिळा. ठेचू नका, उघडू नका, गरम कशात टाकू नका. गिळवत नसेल तर सांगा, पातळ औषध मिळतं. साध्या पाण्याबरोबर घ्या, लिंबूपाणी असेल तर उत्तम, आवळाही चालेल.

तिसरं, चहा, कॉफी, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यात आणि लोहात निदान दोन तासांचं अंतर ठेवा. गरोदर बाईला कॅल्शियम आणि लोह दोन्ही लिहून दिलेलं असतं, आणि आपण सोयीसाठी दोन्ही एकदम देतो. नका देऊ. जळजळीचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

चौथं, मळमळ झाली तर बंद करू नका, परत या. जेवणानंतर घेऊन बघता येतं, रात्री झोपताना घेता येतं, औषध बदलता येतं. माझ्या खिडकीवर बायका येतात आणि म्हणतात, "भैया, ये लाल वाली मत दो." मी आता पाकीट परत ठेवत नाही. विचारतो, कशाबरोबर घेता? दहातल्या बऱ्याच जणींचं उत्तर चहा असतं.

पाचवं, एक दिवस राहिली म्हणून दुसऱ्या दिवशी मनाने दुप्पट घेऊ नका. लोहाचा डोस गेला की यकृत हेप्सिडिन नावाचं द्रव्य सोडतं आणि आतड्याचं दार काही काळ आवळतं. एकदम जास्त दिलं म्हणून जास्त आत जात नाही, त्रास मात्र वाढतो. आणि हिमोग्लोबिन बरोबर आलं की लगेच थांबू नका. रक्त भरलं तरी फेरिटिनची डबी रिकामी असते. ती भरायला डॉक्टर पुढे तीनेक महिने गोळी चालू ठेवायला सांगतात.

सहावं, पाकिटावर 'नॅनो' वाचायच्या आधी लोह किती मिलिग्रॅम ते वाचा. गोळ्या कोरड्या जागी ठेवा. पावसाळ्यात ओल लागून लेप फुटलेली, डाग पडलेली गोळी घेऊ नका, बदलून मागा. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्या दिसतात चॉकलेटच्या गोळीसारख्या, पण मूठभर खाल्ल्या तर लहान मुलाचा जीव जाऊ शकतो.

गूळ-शेंगदाण्याचं काय, लोखंडी कढईचं काय, हे प्रश्न येणारच आहेत म्हणून आधीच सांगतो. दोन्ही ठेवा. लोखंडी कढईत आंबट भाजी केली तर लोह खरंच उतरतं. डाळ-उसळीवर लिंबू पिळायची आपली सवय तर शास्त्राला धरून आहे. पण हे आहे पडझड होऊ नये म्हणून. आठवर आलेलं हिमोग्लोबिन गुळाने वर येत नाही.

माझी भाची आता शाळेत जाते. शाळेत आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी मिळते, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांची, ४५ मिलिग्रॅम लोहाची. पहिल्यांदा मिळाली त्या संध्याकाळी तिने मला फोन केला. म्हणाली, "मामा, बाई म्हणाल्या चावायची नाही. मी नाही चावली. पाण्याबरोबर गिळली." मागून तिची आई ओरडली, "आणि चहा नाही दिला हो दादा, आधीच सांगते!"

सारण आतच पोचलं पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. बाहेर प्रसादाबरोबर चहा आहे. ज्यांनी आत्ता लोहाची गोळी घेतली असेल त्यांनी तो दोन तासांनी घ्यावा.

गणपती बाप्पा मोरया!